बोकादो

लगडीचा एक कोपरा
छिन्नीनं उडवून घेतात, नखाएवढा.
साहेबलोक त्याला म्हणतात बोकादो.
म्हणजे घास.
लगड तेवढी उष्टी होते,
मगच तिच्यावर राजाचा शिक्का बसतो.

मी तोमासा चुकिमिया.
पोतोसीत, सान मार्तीनच्या चढावर
हाडं जाळते.
लामाची हाडं, कधी मेंढीची,
पांढरीफेक होईपर्यंत.
मग वाटायची, चाळायची, परत वाटायची,
पाण्याचा हबका मारून मुठीत आवळायची.
मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले
की राख तयार.
साच्यात दाबून वाट्या पाडते,
भातुकलीत खपून जातील एवढ्याशा.

पारखी दोन गास्पार ओर्दुन्या
त्या वाटीत घास ठेवतो, सोबत शिसं.
आगीत शिसं सगळं हीण कवेत घेतं
आणि हाडात मुरून जातं.
शेवटी एक झळक,
पापणी लवली तर चुकलीच,
आणि तळाला उरतो मणी.
मणी तो तोलतो, आकडा लिहितो:
अकरा दिनेरो, चार ग्रानो.

मणी त्याचा. वाटी माझी.
शनिवारी वापरलेल्या वाट्या टोपलीत भरून आणते.
त्यांतलं शिसं काढणारे
थोडेफार पैसे देतात.

मला आकडे येत नाहीत.
पण हाडाला काय पाजलं
ते हाड लपवत नाही.
नुसतं शिसं प्यालेली वाटी पिवळट.
तांबं प्यालेली हिरवी, कडेला काळी,
जुन्या मारासारखी.

त्या वर्षी ईस्टरनंतर हिरव्या यायला लागल्या.
आधी आठवड्याला दोन, मग सात,
हिवाळा भरात आला तोवर
टोपलीत पिवळी औषधालाही नाही.
आणि वहीत?
माझा भाचा तिथं भाता ओढतो, त्याला थोडं वाचता येतं.
म्हणाला, मावशी, वहीत रोज तेच,
अकरा दिनेरो, चार ग्रानो.
मी म्हटलं, तू भाता ओढ.

कुणाला सांगणार होते?
हिरव्या वाट्या विकल्या नाहीत, एवढंच.
घराच्या भिंतीत, ओल्या मातीत बसवल्या,
तोंडं रस्त्याकडं,
आल्या त्या क्रमानं.
शेजारीण म्हणाली, नक्षी छान आहे.

मग लिमाहून पाहणीला माणूस आला.
धापा टाकत आला,
इथली हवा त्याला पुरेना.
त्यानं त्याच लगडींचा परत घास घेतला,
दुसऱ्या कोपऱ्यातून,
आणि वाट्या मागवल्या.
माझ्याकडूनच. गावात आणखी कोण करतं?
त्या रात्री राख मी तीनदा वाटली.
गारठ्यानं बोटं उलली होती,
थेंब आत पडू नये म्हणून चिंध्या बांधल्या.
का एवढं, मलाही ठाऊक नाही.
ओर्दुन्यानं माझे पैसे कधी बुडवले नव्हते.

त्याला न्यायला आले तेव्हा तो जेवत होता.
उठला, तोंडातलं गिळलं,
आणि एकाच पायात बूट घालून गेला.
दुसरा शोधायला कुणी थांबलं नाही.

लिमाचा माणूस परत निघाला
तेव्हा त्याचं खेचर नेमकं माझ्या भिंतीशी
मुतायला थांबलं.
तो बराच वेळ बघत होता.
हिरव्यांची रांग इकडून तिकडे.
म्हणाला, नक्षी छान आहे.
आणि वाट्यांचा अर्धा रेआल
माझ्या हातावर ठेवला, नवा, टांकसाळीतला.

तो वळणावर गेल्यावर नाणं चावलं.
जिभेवर तांबं आलं.
मिठवाल्याला दिलं.
त्यानंही चावलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि मीठ मापायला घेतलं.