बापाचा रकाना

कुद्रेमानीच्या शिवारात पहाटे पाचला
बॅटरी दातात धरून मी वेलात शिरतो.
उद्या उमलतील अशी वाटलेली फुलं
आदल्या सांजेलाच लाल दोऱ्यानं बांधलेली असतात,
एकेकीचं तोंड आवळून.
मधमाशी चंदगडाकडनं येते,
येताना कुणाच्या परड्यातल्या बुटक्या भोपळ्याचा
पराग पायाला लावून येते.
तिला काय, सगळी पिवळी दारं सारखीच.
मला नाहीत.

नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या.
मादीच्या तळाशी लिंबाएवढं पोट आधीपासूनच असतं.
दोरा सोडून आत केसर फिरवायचं, हळू,
बाळाच्या टाळूत तेल जिरवावं तसं.
पुन्हा दोरा. पुन्हा गाठ. देठाला चिठ्ठी:
आई सत्त्याऐंशी किलो, बाप एकशेचार.

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर होतो.
खिडकीतून उसाच्या गाड्या बघितल्या,
रेघ इकडे सरकवा म्हणणारे मोर्चे बघितले,
सरकवू नका म्हणणारेही.
आणि आता रिटायर झाल्यावर
फुलाफुलाला सीमा घालत हिंडतोय.
बायको म्हणते, बरं झालं, सरकारी काम सुटलं नाही तुमचं.

बी मूळचं गंगव्वाचं.
हुक्केरीच्या बाजारात ती फोडी विकायची,
विळा आणि भोपळा एकाच पाटीत,
आणि दोघांचं बरं चाललेलं.
फोड कुणालाही द्यायची, बी मात्र ओच्यात.
मी चार आठवडे नुसताच उभा राहिलो.
पाचव्या आठवड्याला म्हणाली,
बीज नोडु, काय नोडब्याड.
मी म्हटलं, काय?
ती हसली. तिच्या भाषेत काय म्हणजे फळ.
बी बघ, फळ बघू नकोस, एवढंच सांगत होती.
मी तिला सांगितलं, शाळेत कन्नडच्या पेपरात
मला भोपळा मिळाला होता,
गुरुजींनी लाल शाईनं काढलेला, छान गोल.
तेव्हा तिनं ओचा सोडला.
नऊ बिया.

त्या नऊंची ही सातवी पिढी.
एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची.
खुडताना पहिली दोन वर्षं हात अडखळायचा.
आता अडखळत नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हे.
पेराला पेर मातीत गाडायचं,
बुडाला वाळू, वर जुन्या धोतराची सावली,
आणि रोज सकाळी टेप गुंडाळून घेर मोजायचा.
श्रावणात एका रात्रीत चार बोटं फुगला.

सहा जणांनी घोंगड्यात घालून टेंपोत चढवला.
काट्यावर आता सातेरीचा पोरगा बसतो.
काटा वीस-वीसच्या पायरीनं चढतो,
एकशेसाठवर थांबला.
पावतीत मालाच्या रकान्यात एकच शब्द छापलेला.
तेव्हा माझ्याकडे कागद आहे: ऊस, १६० किलो.

फोडला तर आत मावशीच्या घरासारखा रिकामा,
हाक मारली तर परत आली.
बिया चारशेवर, पण पाण्यात टाकल्या
तर बहुतेक तरंगल्या.
तळाला बसल्या तेहतीस.

रुमालात बांधून गंगव्वाकडे नेल्या.
तिला आता दिसत नाही फारसं.
एकेक बी अंगठ्याखाली दाबत गेली,
वीस बाजूला सारल्या, तेरा ठेवल्या.
अप्पा यारु? तिनं विचारलं. बाप कोण?
एवढं कन्नड येतं मला आता.
खोटं सांगता आलं असतं, चिठ्ठी देठाला होतीच.
पण त्या सकाळी त्या एका फुलाचा दोरा
मी जायच्या आधीच सुटलेला होता,
आणि आत कुणीतरी येऊन गेलेलं.
सहा पिढ्यांची शिस्त, आणि मोठा झाला तो हा.
गंगव्वानं तेरातल्या दोन कमरेला खोचल्या,
बोलली काही नाही.

घरी येऊन वही उघडली.
आई: एकशेचोवीस.
बापाच्या रकान्याशी बराच वेळ बसलो.
शेवटी भोपळा काढला, छान गोल.
पेन हाताला लालच लागलं.