वयाच्या बारा वर्षांआधी

फॉर्म आलाय तुझा, अकरा पानी.
वर लिहिलंय : यांना लहानपणी ज्यांनी जवळून पाहिलं
अशा व्यक्तीने भरावा.
आई गेली. वडील गेले. शाळेतल्या मिस मॅकायव्हरसुद्धा गेल्या.
उरले मी.

बावन्न वर्षांचा झालास, रूअरी.
स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर उभा राहून
कुठल्याही बोटीचं इंजिन नुसतं ऐकतोस
आणि सांगतोस, कुठं दुखतंय त्याला.
पण विजेचं बिल तीन महिने विसरलास,
आणि आठवलं तेव्हा दोनदा भरलंस.

हे सुरू कुठून झालं, तेही तूच सांगितलंस.
अलापूलच्या फेरीबोटीवर मागच्या बाकावरची बाई
मुलाचा अहवाल कुणाला तरी फोनवर वाचून दाखवत होती
आणि तुझी कॉफी गार झाली.
तुला वाटलं, हिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं?
डॉक्टरीण म्हणाली, तपासणीसाठी रांग आहे, दोन वर्षांची.
थांबलास.
किटली उकळेपर्यंत न थांबणारा तू.

प्रश्न पहिला. बारा वर्षांआधी वस्तू हरवत असत का?
कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, नेहमीच.
मी टोपण चावत बसले.
एक बूट दलदलीत हरवून घरी आलेल्या पोरासाठी
यातला चौकोन कोणता?
उरलेला बूट गळ्यात लटकत होता नाडीने
आणि टोपीत होतं टिटवीचं अंडं.
दीड मैल चिखल तुडवून आलास,
अंड्याला तडा नाही.
हे कुठं लिहायचं?

सातवा. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणे.
वडिलांनी तुला पीटची ढेकळं रचायला धाडलं होतं.
संध्याकाळी ढेकळं होती तिथंच,
आणि तू ओढ्याकाठी पालथा,
पाणी दगडाला कुठून वळसा घालतं ते बघत.
एक ना धड, भाराभर चिंध्या, म्हणाले ते.
म्हणाले कुठून? खोपटाच्या दारातून,
आत त्यांच्या तीन अर्धवट होड्या,
एक उघडं पोटाचं घड्याळ,
आणि एक खुर्ची, जिला चौथा पाय
माझ्या लग्नापर्यंत बसला नाही.
मी पेन खाली ठेवलं.
त्यांना असा फॉर्म कुणीच धाडला नव्हता.

अकरावा प्रश्न मी दोनदा वाचला, मग उठून भांडी घासली.
ती होडी.
तू न बांधता वर आलास, भरती घेऊन गेली.
त्या रात्री कुणी ओरडलं नाही,
ओरडले असते तर बरं झालं असतं.
त्यानंतर घरात तुझं नाव
नेहमी एका सुस्काऱ्यानंतर यायचं.
वेंधळा. पायाला भिंगरी. डोकं ठिकाणावर नाही.
मीही म्हणायचे. सगळ्यात जास्त मीच.

पण एक तुला ठाऊक नाही.
त्या होडीनंतर मी तुझ्यामागून जायची,
दोर बघायची, फाटक बघायची,
दप्तरात वही सरकवायची,
मेंढ्यांच्या वाड्याची कडी लावायची.
वसंतात मिस मॅकायव्हरनं तुझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं :
बरीच सुधारणा आहे.
वडिलांनी ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं.
मी तेव्हा अकरा वर्षांची.
मला वाटलं, मी चांगलं काम करतेय.

तेच प्रगतिपुस्तक जोडायला सांगितलंय सोबत.
पुरावा म्हणून.

शेवटी दोन ओळी कोऱ्या : आणखी काही सांगायचे असल्यास.
लिहिलं,
गाठी मी बांधत होते.
मग जागा संपली.
अंड्याचं तू सांग त्यांना,
विचारलं नाही तरी सांग.

गुरुवारी सातची बोट आहे.
मी सहाला फोन करेन.
साडेसहालाही.