काळा सोडून

जानेवारीचा दुसरा आठवडा, उणे बावीस.
स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर
जाळीत अडकवलेल्या चरबीच्या वडीवर
एक सुतार येऊन बसला, दुधाळ.
म्हणजे पांढरा नव्हे.
पांढरं काय असतं ते मला कुणी शिकवू नये;
एकतीस वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात
मागच्या काउंटरला रंग कालवत होते.
या गावातल्या अर्ध्या भिंती माझ्या हाताखालून गेल्यात.
हा होता साय धरलेल्या कोकोचा रंग.
नक्षी तीच, जिथल्या तिथे,
फक्त काळ्याच्या जागी फिकट दालचिनी.

एलरॉय पिएटिला कुंपणापलीकडून दुर्बीण घेऊन आला,
बूट न झटकता आत.
नोव्हेंबरपासून आमचं बोलणं नव्हतं;
त्याचं यंत्र त्याच्या दारातला बर्फ
माझ्या गॅरेजपुढे उडवतं, म्हणून.
"अल्बिनो," बसायच्या आधीच म्हणाला.
मी म्हटलं, डोळा बघ.
डोळा काळाभोर, कोटाच्या बटणासारखा.
"मग धुराड्याची राख."
राख अशी ठिपके चुकवून बसते होय?
"मग वाट चुकून आलेलं दक्षिणेकडचं काहीतरी."
त्याला कॉफी दिली. तोंड बंद राहावं म्हणून.

पुस्तकात असलं चित्र नव्हतं.
तीन दिवस मी पानं उलटत राहिले, रंग शोधत.
चौथ्या दिवशी दुकानातली सवय आठवली:
छटा जोखायची तर डोळे बारीक करायचे,
रंग विरतो, उरतं ते बघायचं.
उरली चोच.
डोक्याच्या निम्मीही नाही, खिळा नव्हे, टाचणी.
म्हणजे थोरला नव्हे, धाकटा.
आणि उडताना तो बारीक खिंकाळला,
वरून खाली घसरत जाणारा तोच आवाज
जो इथे सगळेच धाकटे काढतात,
ज्याच्याकडे मी वीस हिवाळे लक्ष दिलं नव्हतं.

पण मानेमागे लाल.
तेवढा एक ठिपका पुरा, भडक, एक थेंब कमी नाही.
हे कसं?
एलरॉयची भाची वनखात्यात आहे, हेल्मी.
तिने फोनवर सांगितलं,
काळा तो स्वतः घडवतो, मावशी. लाल तो खातो.
फळांतून, किड्यांतून येतो तो.
याचं घडवायचं बिघडलंय, खायचं नाही.

मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले.
दुकानात काळा आम्ही शेवटी टाकायचो,
थेंब मोजून, श्वास धरून.
एक राहिला की गिऱ्हाईक सोमवारी दारात,
डबा हातात: हा आमचा रंग नाही, व्हर्ना.
परत आलेले डबे मागच्या फळीवर, निम्म्या दरात.
त्यातल्याच एकाने माझी न्हाणी रंगवलीय.

फेब्रुवारीत त्याच्या पंखांची टोकं झिजलेली दिसली,
जुन्या ब्रशासारखी फिसकारलेली.
काळा नुसता रंग नसतो, हेल्मी म्हणाली होती,
पिसाला तो टणकही करतो.
एक नेहमीचा काळापांढरा आला आणि त्याला ढकलून वडीवर बसला,
जसा कुणालाही ढकलला असता.
मला ते पाहून बरं वाटलं, का ते माहीत नाही.

फ्रिजवरच्या वहीत मी लिहिलं:
धाकटा सुतार. नर. साधा.
शेऱ्याची जागा अजून कोरी आहे.
एलरॉय रोज एक नाव सुचवतो,
आजचं होतं "जळलेलं लोणी."
बर्फ अजून माझ्याच गॅरेजपुढे पडतो.

काल दुपारी ससाणा आला.
फीडर क्षणात ओस.
काळेपांढरे सगळे पाइनच्या अंधारात,
आणि हा एकटा, चुकीच्या बाजूला उडून,
भूर्जाच्या खोडाला चिकटला
आणि हलेना.
साल आणि पीस, पीस आणि साल.
एलरॉय दुर्बीण फिरवत राहिला, "गेला कुठे? गेला कुठे?"
मला दिसत होता तो लाल ठिपका.
मी बोट दाखवलं नाही.