तिवराचं पान

निळ्या कव्हरचं जर्नल मॉर्फॉलॉजीचं,
तपकिरी फिजिऑलॉजीचं.
निळ्यात मला दहापैकी नऊ:
आकृती सुबक, शेडिंग नाही,
नावांच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या.
तपकिरी मी ग्लोरिया परेराचं उतरवून काढायचे,
पाणवनस्पतीने मिनिटाला सोडलेल्या
बुडबुड्यांच्या आकड्यांसकट.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात
लॅब घागांच्या ताब्यात.
बरण्या पुसून पुसून त्यांच्या बोटांची कातडी
पांढरी पडलेली, बरणीतल्यांसारखीच.
तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी
मी स्टुलावर रडत बसलेले,
दोन्हींतला फरक एका वाक्यात सांगता येईना.
घाग म्हणाले, थांबा.
कपाटातून शीट काढली:
तिवर, ठाण्याची खाडी, फेब्रुवारी एकसष्ट.
चार टाके घालून कागदाला शिवलेलं पान,
टोक, कडा, शिरा, देठ जागच्या जागी,
माझ्यापेक्षा वयाने मोठं.
मग शर्टाच्या खिशातून दुसरं,
सकाळी येताना भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागून तोडलेलं.
चाटा, म्हणाले.
मी चाटलं. खारट.
आता हे, म्हणून शीट पुढे केली
आणि पटकन मागे घेतली,
नको, ह्याला विष लावलंय, कीड लागू नये म्हणून.

हे पान आत्तापर्यंत खाडी गाळत होतं, बाई.
ते नुसतं पान आहे.

परीक्षेत मी हे सांगितलं नाही.
पाठ केलेली व्याख्या म्हटली. पास झाले.
पुढे बँकेत लागले.

यंदा चैत्रात आईच्या अंगावरून वारं गेलं.
उजवी बाजू, आणि शब्द.
देवस्थळी काकू बघायला आल्या, म्हणाल्या,
चेहरा कसा अगदी तसाच आहे हो.
तसाच होता.
हातसुद्धा मी आज जर्नलमध्ये काढू शकेन:
मनगटावर बांगड्यांनी राखलेली फिकी पट्टी,
अंगठ्याशी कुकरचा जुना भाजल्याचा डाग,
पाच बोटं, पाचही खरी.
फिजिओचा मुलगा अझीम त्या हातात
पिवळा चेंडू ठेवायचा. दाबा, मावशी.
चेंडू तिथेच असायचा.
जणू कुणी चार टाके घातलेत.

डॉक्टरांनी टॉर्च मारून जीभ बघितली:
ओली, गुलाबी, थोडी उजवीकडे कललेली.
जीभ आहे.
हे ऐकून मला का कुणास ठाऊक
घागांचं कपाट आठवलं, त्याची किल्ली,
ती अडकवायचा तो खिळा.

आमच्या खिडकीतून मिठागरं दिसतात,
त्यांच्यामागे तिवरांची काळपट हिरवी ओळ.
सुकतीला त्यांची मुळं चिखलातून वर येतात,
कुणी पेन्सिली उलट्या रोवून ठेवल्यागत,
आणि तिथून श्वास घेतात.
मी हे फक्त वाचलंय.
बघून कधी कळलं नाही
कुठलं घेतंय, कुठलं मेलंय.
पलंग मी खिडकीशी सरकवला होता.
आई तिकडे बघायची
किंवा तिचे डोळे तिकडे असायचे.

अडतिसाव्या दिवशी पेज भरवत होते.
बीपीमुळे मीठ बंद.
तिसरा चमचा. गिळला.
ओठ हलले, मला वाटलं ओघळ येतोय,
पदर पुढे केला.
तर म्हणाली,
अळणी.

तीन अक्षरं, त्यातला ळ नीट लागलाही नव्हता.

मी उठले.
मिठाची बरणी ओट्यावर, शेगडीच्या डाव्या अंगाला,
चोवीस वर्षं असते तिथेच होती.
मला ती सापडेना.