मुल्किया

मीटर म्हणतो एकवीस हजार चारशे.
शाजी म्हणतो, एकाच हातची गाडी, भाई,
मालक फक्त शुक्रवारी समुद्रापर्यंत जायचा.
मी काही म्हणत नाही.
मी आधी पायाशी बसतो.

फूटरेस्टचं रबर बघ, विनीत.
इथे खाचा होत्या. आता म्हाताऱ्याच्या हिरडीसारखं गुळगुळीत.
एकवीस हजारात एवढे दात पडत नाहीत.
आकडा मागे फिरवणारा पलीकडच्या गल्लीत बसतो,
रबर मागे फिरवणारा अजून व्हिसा घेऊन आलेला नाही.

(माझंही वय पासपोर्टवर चार वर्षं कमी आहे.
मुरूडच्या एजंटाने चहा पिता पिता फिरवलं होतं.
गुडघ्यांना ते कुणी कळवलेलं नाही.)

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात संध्याकाळचे साडेसहा,
लोखंड अजून हात लावू देत नाही.
ओलं फडकं टाकून टाकी निववली,
सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद
चॅसिसच्या मानेवर धरून नखाने घासला.
एकेक अंक उठला, मुल्कियाशी जुळला.
चोरीची नाही. एवढं एक बरं.

डावा आरसा जुना, उजवा नवा.
ब्रेकचा दांडा किंचित आत वळलेला,
सायलेन्सरवर ओरखडा, ओरखड्यावर रंग,
रंगावर धूळ.
उजवीकडे पडली ही. पडून बरीच लांब गेली.
शाजी म्हणतो, स्टँडवरून कलंडली.
स्टँड डावीकडे असतो, शाजी.

मागच्या सीटखाली चार भोकं, वेल्डिंगने बुजवलेली:
इथे पेटी होती. कुणाकुणाची गरम जेवणं.
फिल्टर उघडला तर बशीभर वाळवंट निघालं.

मग मोबाईलवर दंडांची यादी काढली.
विनीतला वाटलं, हा पैशांचा हिशोब.
मी ती वाचतो, तुमच्याकडे लग्नाआधी पत्रिका वाचतात तशी.
जानेवारी, रात्री एक वाजून दहा, वेग.
तीच रात्र, एक चाळीस, तोच रस्ता, उलट दिशा.
फेब्रुवारी, भर दुपारी, फूटपाथवर उभी.
लिफ्ट बंद असणार.
मार्च, ईदच्या आदल्या रात्री, तीन वेळा.
मग काही नाही.
एप्रिल नाही, मे नाही. अकरा महिने
कुणीच कुठे घाईने गेलं नाही.

"गाडी कुठे होती?"
"उभी होती."
"आणि तो?"
शाजीने टायरला लाथ मारून हवा बघितली.
हवा ठीक होती.

बॅटरीसाठी साइड कव्हर काढलं.
आतल्या बाजूला, जिथे कुणी गिऱ्हाईक बघत नाही,
खिळ्याने कोरलेल्या दोन ओळी, बंगालीत की कशात,
खाली एक फूल. पाच पाकळ्या,
एक उगाचच मोठी.
"काय लिहिलंय, चाचा?"
मला गाड्या वाचता येतात, पोरा.
हे नाही.

इंजिन चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.
बटण दाबताच उठलं, धूर नाही, खडखड नाही.
मी आठशे कमी कर म्हणालो, साडेसहाशेवर तुटलं.
विनीत वाटूळचा. इथे येऊन नऊ दिवस झालेत,
हेल्मेटच्या काचेवरचं प्लास्टिक अजून सोललेलं नाही.
त्याला म्हटलं, पुढचा टायर बदल. चेन ओढून घे.
उजवीकडे वळताना जरा सांभाळून.
"उजवीकडेच का?"
सांभाळून म्हटलं ना.

कव्हर परत लावलं, फूल आत.
तीन स्क्रू सापडले. चौथ्यासाठी
मोबाईलचा दिवा लावून तिघेही जमिनीवर,
शाजीसुद्धा, तेलकट वाळूत बोटं फिरवत,
मगरिबची बांग संपेपर्यंत.
चौथा बहुतेक आधीपासूनच नव्हता.