वीतभर हवा

बोडोच्या स्टेशनाबाहेर, टॅक्सींच्या रांगेत,
तिसऱ्या खुणेवर बर्फ टिकत नाही.
सगळीकडे पांढरं, आणि तिथे परातीएवढं
ओलं काळं डांबर.

मी वजनमापे खात्याची. माझ्या पेटीत
सील, शिक्का, आणि एक मीटर,
ज्याला दर दोन वर्षांनी दुसऱ्या मीटरपुढे
आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.

तक्रार तेस्फालेमची. चार ओळींचीच:
"जमीन म्हणते इतकं दिलं.
गाडी म्हणते इतकंच मिळालं.
दोघी खोटं बोलत नाहीत,
पैसे मात्र माझे जातात."

डांबराखाली तांब्याचं एक वेटोळं,
गाडीच्या पोटाशी दुसरं,
मधे वीतभर हवा.
तार नाही, ठिणगी नाही.
गुडघ्यावर वाकलं तर बारीकशी गुणगुण,
तीही माझ्या कानातली असेल.

एक मीटर खाली लावला, एक वर.
चाळीस मिनिटं आम्ही थंडीत पाय आपटत उभे.
खाली ११.४०.
वर १०.२६.
मधेच एक कुरव ऊब शोधत गाडीखाली शिरला
आणि यंत्रानं वीज तोडली.
पक्षी बाहेर येईपर्यंत दोन्ही आकडे स्तब्ध.
दिवसभरात तेवढाच वेळ दोघांचं एकमत.

"गाडी चार बोटं डावीकडे आहे," मी म्हणाले.
"मुद्दाम. उजवीकडे झाकणावर काचेसारखा बर्फ असतो,
म्हाताऱ्या बायका तिथे घसरतात."
मग सरळ लावून बघितली.
खाली तेवढंच, वर १०.७१.
म्हणजे घसरू न देण्याची किंमत
पंचेचाळीस शतांश युनिट.
ही ओळ मी वहीत लिहिली आणि खोडली.

थर्मासमधली कॉफी त्यानं झाकणात ओतली.
"माझी आत्या केरेनच्या बाजारात कॉफी भाजायची.
कच्चे दाणे शंभर, भाजून पंचाऐंशी.
गिऱ्हाईक विचारायचं, पंधरा कुठे गेले?
ती म्हणायची, लांबून वास आला ना तुम्हाला?"

"मग भाव?"
"पंचाऐंशीला शंभराचा."
"आणि तुम्ही तक्रार करता!"
"अहो, मग मला वास तरी येऊ द्या."

मी हसले नाही. दोन मीटरच्या मधे
हात घातला, मोजे काढून,
वीज बंद असताना, नियमाप्रमाणे.
डांबर कोमट होतं.
कुरव पुन्हा येऊन जवळ बसला,
आमच्याकडे पाठ करून,
ज्याला काही सही करायची नाही अशा ऐटीत.

मापात पाप असतं तर सोपं होतं,
शिक्का काढून घेतला असता.
इथे पाप कुणाचंच नव्हतं.
अर्जावर "मोजलेली ऊर्जा" पुढे चौकट एक,
आकडा एकच मावेल एवढी.
मी दोन लिहिले, मधे तिरकी रेघ मारून,
आणि ती रेघ
जरा जाडच उमटली.

परतीची गाडी चुकली होती. त्यानं दार उघडलं.
मी बसले, पट्टा लावला,
त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं
आणि मीटर टाकला.