वीतभर मागे

आमच्या बेटावर थिएटर नाही.
अग्निशमन केंद्राचा हॉल आहे.
फेब्रुवारीत, समुद्र गोठला की,
लेम्बित बंब बाहेर बर्फात काढतो
आणि मी खुर्च्या मांडते. चौपन्न.
पंचावन्नावीचा पाय मोडका,
तिच्यावर प्रोजेक्टर.

सिनेमा तोच. दरवर्षी तोच.
"दुसरा मिळत नाही का ग कुठला?" वाइके कुरकुरते
आणि सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसते,
घरून आणलेल्या उशीवर.

गोष्ट एवढीशी:
मासे डबाबंद करायचा कारखाना बंद पडतो
आणि आठ जण रस्सीखेच खेळायचं ठरवतात.
का, ते त्यांनाही धड सांगता येत नाही.
एक पोस्टमन.
दोन जुळ्या बहिणी, नऊ वर्षं अबोला,
पण दोर एकच.
एक पाद्री, ज्याला बंदरावरच्या सगळ्या शिव्या तोंडपाठ.
आणि शेवटच्या टोकाला, कमरेला दोर गुंडाळून,
एंडेल बेकरीवाला,
डाव्या कानाने ठार बहिरा.

पहिल्या सामन्यात शिट्टी वाजते
आणि चार सेकंदांत सगळे चिखलात तोंडघशी.
पाद्री उठतो, चिखल थुंकतो, आता बोलणार
एवढ्यात चर्चची घंटा.
इथे हेल्दुर हसतो.
घंटेच्या आधीच हसतो, दर वेळी.
एकतीस वर्षं फेरीबोटीवरून दोर फेकला त्याने धक्क्यावर.
नवी बोट बटणावर बांधली जाते.
त्याला घड्याळ देऊन घरी पाठवलं.

शहरातली भाची म्हणते, शेवट ठाऊक असताना
काय पाहता ग त्यात?
आता काय सांगायचं.
भाकरी कशी लागणार ते ठाऊक असतं,
म्हणून कोणी जेवायचं सोडतं?

मला विचाराल तर गंमत त्या खेळातच आहे.
बाकी सगळीकडे पुढे धावणारा जिंकतो,
इथे मागे सरकणारा.
(वल्ह्यांच्या शर्यतीतही, असं हेल्दुर म्हणतो,
पण त्याला कोण विचारतं.)
आणि मागे सरकायचा सराव आम्हाला दांडगा:
आधी शाळा गेली, मग दुधाची गाडी,
मग ज्यांना पोरंबाळं होती ती माणसं.
त्याचे गुण मिळतात
हे कोणी सांगितलंच नव्हतं आम्हाला.

फायनल टालिनच्या पोलिसांशी.
त्यांचे बूट नवे, मिशा एकसारख्या.
बारा मिनिटं दोर जागचा हलत नाही,
नुसता करकरतो, जुन्या दारासारखा.
हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नाही.
मग एक बहीण, मान न वळवता, दुसरीला म्हणते,
"आईची किटली माझ्याकडेच आहे."
ती रागाने लाल होते आणि
अशी ओढते, अशी ओढते
की शिट्टी!

जिंकले. सगळे दोर सोडून नाचतात.
एंडेल सोडून.
शिट्टी त्याच्या डाव्या बाजूला वाजलेली.
तो मान खाली घालून मागे मागे चाललाय,
पोलीस हट्टाला पेटलेत, सोडत नाहीत,
पंच गुंतला, सॉसेजचा तंबू गुंतला,
नगराध्यक्षांचं भाषण माइकसकट गेलं
आणि गुडघाभर समुद्रात पोचल्यावर
एंडेल वर बघून विचारतो:
"सुरू झालं का?"

वाइके उशीत तोंड खुपसते.
लेम्बितची बत्तीस वर्षांपूर्वीची कवळी
एकदा खरंच खाली पडली होती इथे.

मग दिवे लागतात, माणसं टोप्या शोधतात,
कोणी कोणाला काही बोलत नाही,
हेल्दुर जाताना दाराशी
उगाच दोन्ही तळवे बघतो.

मी झाडायला घेते.
बुटांवरचं बर्फ वितळून ओल आलेली,
आणि त्या ओलीत प्रत्येक खुर्चीपुढे
टाचांच्या दोन लांब रेघा.
चौपन्नच्या चौपन्न खुर्च्या मागे सरकलेल्या,
शेवटची रांग भिंतीला टेकलेली.
एकदा मोजलं मी: वीतभर.

सकाळी बंब आत घ्यायचा असतो,
आवरायला हवंच.
पण रात्रभर राहू देते त्यांना
जिंकल्या जागी.